समुद्राकडे पाठ

आपल्याला जर्मन येतं, हे मनोरमाला त्या मंगळवारी, दुबईला येऊन अठरा वर्षं झाल्यावर, पहिल्यांदा जाणवलं. पुण्यात कॉलेजात असताना चार वर्षं संध्याकाळचे वर्ग करून ती ही भाषा शिकली होती. मग लग्न झालं, प्रल्हादबरोबर ती इथे आली आणि देऱ्यातल्या एका जर्मन पंपांच्या एजन्सीत सेक्रेटरी म्हणून लागली. तिथे त्या भाषेत माणसं नव्हती. फ्लँज होते, गॅस्केट होती, डिलिव्हरीच्या तारखा होत्या. मंगळवारी सकाळी मॅनेजर लिंडनरने तिच्या टेबलावर एक पातळ फाइल ठेवली. त्याच्या बायकोचे मामा आले होते, एर्विन टेस्मर, शहात्तर वर्षांचे. उद्या त्यांना खोर फक्कानला न्यायचं होतं. रफिक गाडी चालवेल आणि अरबी सांभाळेल, जर्मन तू सांभाळ, लिंडनर म्हणाला, आणि दारातून वळून म्हणाला, आधी हे वाचून घे. तिने फाइल उघडली. टाइप केलेल्या कागदावर पहिलंच वाक्य होतं : आम्ही त्रेपन्न जण होतो. 'आम्ही कळवू इच्छितो' मधलं कंपनीचं 'आम्ही' तिच्या बोटांना पाठ होतं. हे निराळं होतं. ह्यात श्वास घेणारी माणसं होती, आणि ती तिच्याकडे बघत होती.

ते कागद तिने दुपारच्या सुट्टीत करामाच्या घरी, पलंगावर पाय पोटाशी घेऊन वाचले. एका पाणबुडीची हकिगत होती. तिला नाव नव्हतं, नुसता आकडा. बेचाळीसच्या डिसेंबरात ती नौदलात दाखल झाली. सहा महिने उत्तरेच्या थंड समुद्रात बुडायचं कसं आणि वर यायचं कसं हे शिकण्यात गेले. जुलैत ती निघाली, आफ्रिकेला वळसा घालून इकडे आली आणि सप्टेंबरच्या सोळा तारखेला ओमानच्या आखातात एका विमानाच्या बॉम्बने संपली. पहिलीच सफर आणि शेवटचीही. समासात टेस्मरनी हाताने लिहिलं होतं, एकूण दिवस दोनशे ऐंशी. तो आकडा मनोरमाला ओळखीचा वाटला. मिहिकाच्या वेळी डॉक्टरने बोटांवर मोजून एवढेच दिवस सांगितले होते. ती पुढे वाचत गेली. दोघांत एक बिछाना, एक उठला की दुसऱ्याने त्याच्या घामात आडवं व्हायचं. पाव बुरशीने पांढरे फटक झाले की त्यांना ससे म्हणायचे आणि कान धरून उचलायचे. इंजिनाच्या खोलीत उकाडा असा की अंगावरचे शर्ट कुजून फाटले. तिला खिडकीतला एसी बंद करावासा वाटला, मग वाटलं, एसी बंद केल्याने काय होणार आहे. शेवटच्या पानावर एक वाक्य होतं आणि त्याच्याखाली पट्टी धरून रेघ मारलेली होती : या बोटीने एकही जहाज बुडवलं नाही, एकही माणूस मारला नाही. आपल्या बावन्न माणसांखेरीज, असं मनोरमाने मनात पुढे जोडलं, आणि असं जोडण्याचा आपल्याला काय अधिकार म्हणून कागद मिटून ठेवले. संध्याकाळी प्रल्हाद म्हणाला, "लढाईत गेले ते. त्यात एवढं काय वाचत बसलीस?" आणि पंधरा वर्षांची मिहिका ताटावरून मान न उचलता म्हणाली, "व्हाय इज ही कमिंग नाऊ? इट्स लाइक फिफ्टी इयर्स."

ते का आले, हे टेस्मरनी गाडीत आपण होऊन सांगितलं. मोठ्या हाडांचा, कानात यंत्र घातलेला, इस्त्रीच्या फिक्या पिवळ्या शर्टातला म्हातारा. धैदच्या पुढे वाळू संपून डोंगर सुरू झाले तेव्हा ते बोलू लागले, आणि मनोरमा मागच्या सीटवर त्यांच्या शेजारी मांडीवर पर्स घेऊन ऐकत राहिली. रफिक पुढे गाडी चालवत होता. तो रत्नागिरीकडचा, दाभोळच्या खाडीकाठचा, ऑफिसात पंधरा वर्षं होता आणि कमी बोलायचा. टेस्मर म्हणाले की बॉम्ब पडला तेव्हा ते आणि हाइनर, सुकाणूवरचा माणूस, वरच्या मनोऱ्यात होते. बोट खाली जात होती. खालचं झाकण बंद होतं, त्याच्यावर खालून कोणीतरी ठोकत होतं. मनोऱ्यात पाणी गळ्यापर्यंत येऊ दिलं तेव्हा कुठे दाब सारखा होऊन वरचं झाकण उघडलं. दोघंच वर आले. एक दिवस आणि एक रात्र पोहले, मग एक खडक लागला, किनाऱ्यापासून मैलभर. उघडा खडक, गवताची काडी नाही. हाइनरचा पाय मांडीत मोडलेला होता, आणि त्याला घरी दोन मुली होत्या. तो म्हणाला, तू जा, माणसं आण. टेस्मर तेव्हा वीस वर्षांचे होते. ते पोहत किनाऱ्याला लागले आणि कोळ्यांनी त्यांना उचललं. "मी त्यांना खुणेने सांगितलं," टेस्मर म्हणाले आणि त्यांनी उजव्या हाताचं बोट लांब केलं. बोट सरळ होतं, जराही थरथरत नव्हतं. "असं. तिकडे. पुन्हा पुन्हा. त्यांना वाटलं, मी कुठून आलो ते दाखवतोय. त्यांनी मान डोलावली आणि मला खजूर दिले. माझी भाषा कोणाला येत नव्हती. तिसऱ्या दिवशी इंग्रज आले तोवर फार उशीर झाला असणार म्हणून मी काही बोललोच नाही. सगळ्यांना हेच ठाऊक आहे की हाइनर समुद्रात बुडाला." मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांच्या कडा लाल होत्या. "त्या दिवशी तुमच्यासारखं एक माणूस तिथे असतं, मॅडम, तर हाइनर वाचला असता."

मनोरमाने काचेबाहेर पाहिलं. मसाफीचा बाजार गेला, गालिचे टांगलेले, मातीची मडकी, डाळिंबांचे ढीग. तुमच्यासारखं एक माणूस. ती सत्त्याऐंशी सालात गेली, म्हणजे गेलीच, तिथे जायला तिला कधी वेळ लागत नसे. मंगळवारच होता तो. दुपारचा एक वाजत आला होता, ऑफिस सुट्टीसाठी बंद होत होतं, खाली बस लागलेली, आणि तीन वर्षांची मिहिका शेजारच्या बाईंकडे तापाने फणफणलेली. जर्मनीहून इंजिनियरचा फोन आला. साइटवरच्या जमिनीखालच्या टाकीला आतून नवा लेप दिला होता, त्याच्या वाफा विषारी होत्या, टाकी गुरुवारच्या आधी उघडायची नाही. एवढंच वाक्य. त्यात 'निश्ट', नाही, हा शब्द सुरुवातीलाच होता, आणि लाइनवर खरखर होती. तिने लगेच साइटवर फोन लावला. फोरमन राजाभाऊंनी घेतला. राजाभाऊ सांगलीचे, गडगडाटी आवाजाचे, मागे काँक्रीटचं मशीन चाललेलं. तिने निरोप दिला आणि धावत बस गाठली. बुधवारी सकाळी तीन माणसं टाकीत उतरली. दोघांना ओढून वर काढता आलं. तिसरा जहूर, रायगडचा, चोवीस वर्षांचा, पेटीतून घरी गेला. कामगाराने सुरक्षेचा नियम मोडला, असा कागद झाला, तो तिनेच टाइप केला. तिला कोणी काही विचारलं नाही. राजाभाऊ तिच्या समोर कधी आले नाहीत, सहा महिन्यांनी नोकरी सोडून गेले, आणि पुढे चार वर्षांनी सांगलीला साखरेच्या आजाराने वारले. त्यांचं काय म्हणणं होतं, ते त्यांच्याबरोबर गेलं. पण मनोरमाला स्पष्ट आठवत होतं. ती उभी होती, पर्स खांद्याला होती, रिसीव्हर डाव्या कानाशी, आणि उजव्या हाताचं बोट वर करून ती म्हणाली होती, "राजाभाऊ, गुरुवारच्या आधी उघडू नका." ते बोटसुद्धा तिला दिसायचं. त्या बोटाच्या आधारावर ती बारा वर्षं झोपली होती. फक्त एकच गोष्ट होती. बुधवारी दुपारी बातमी आल्यावर तिने आपलं पॅड बघितलं होतं. त्यावर तिच्या अक्षरात एकच शब्द होता, 'गुरुवार', जर्मनमध्ये, खाली दोन रेघा. 'नाही' कुठे नव्हतं. तिने ते पान फाडलं, चार तुकडे केले, आणि संडासात जाऊन पाणी सोडलं. निर्दोष माणूस कागद का फाडतो, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नव्हता असं नाही. उत्तर ऐकायला ती थांबली नव्हती.

खोर फक्कानला, त्या वेळच्या कोळ्यांपैकी हयात असलेल्या हाजी मुबारकचं घर समुद्राच्या रस्त्यालाच होतं. रफिकने ओळखीतून शोधून ठेवलेलं. ऐंशीच्या घरातला वाळका माणूस, एका डोळ्यात पांढरं फूल पडलेलं. अंगणात शामियान्याच्या सावलीत गालिचा होता, टेस्मरांसाठी मुद्दाम एक खुर्ची आणलेली. हाजींनी त्यांना बराच वेळ न्याहाळलं, मग पुढे होऊन त्यांच्या डाव्या कानामागे बोट लावलं. तिथे एक जुना व्रण होता. "तोच," हाजी म्हणाले, आणि हसले, आणि दोन्ही म्हातारे एकमेकांचे हात धरून उभे राहिले. कॉफी आली, खजूर आले. टेस्मर खजुराकडे बघून रडले. मनोरमाला वाटलं की आज काहीतरी चांगलं होणार आहे.

मग टेस्मरनी विचारलं. वाक्य तयार करून आणलेलं असावं, त्यांनी ते हळूहळू, शाळेतल्यासारखं म्हटलं. मी तुम्हाला बोटाने दाखवत होतो, तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं? मनोरमाने ते मराठीत केलं, रफिकने अरबीत. हाजींनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांनी रफिकला काहीतरी उलट विचारलं. रफिकने पुन्हा सांगितलं. हाजी मग सावकाश बोलत राहिले, मधे हाताने आकार करत, आणि रफिकचा चेहरा बंद होत गेला.

"काय म्हणतात?" मनोरमाने विचारलं.

"मॅडम, हे बोलतायत की..." रफिक थांबला. "हे बोलतायत, या साहेबांनी काही दाखवलं नव्हतं."

"म्हणजे?"

"बोट वगैरे काही नाही. एक दिवस आणि एक रात्र झोपले. उठले, पाणी पिले, खाल्लं, परत झोपले. हाजींच्या वालिदांचा, वडलांचा, हात धरून रडायचे. वालिद पुन्हा पुन्हा विचारायचे, समुद्राकडे हात करून, की अजून कोणी आहे का? दुसरं कोणी? तेवढं तर खुणेने पण कळतं ना, मॅडम. तर साहेब मान हलवायचे. नाही म्हणून." रफिकने आवाज उतरवला. "बोलतायत, तीन दिवस हा माणूस समुद्राकडे पाठ करून बसायचा. आम्हाला वाटलं, घाबरलाय, समुद्र बघवत नाही त्याला."

मनोरमाने टेस्मरांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत होते, ओठ किंचित उघडे, ऐकायला आतुर. अंगणाच्या पुढे रस्ता होता, रस्त्याच्या पुढे समुद्र, आणि समुद्रात डावीकडे एक तपकिरी खडक, इतका जवळ की त्याच्यावर बसलेले पांढरे पक्षी दिसत होते. खुर्ची हाजींच्या माणसाने समुद्राकडे तोंड करून ठेवली होती. बसताना टेस्मरनी ती फिरवून घेतली होती. ते घराच्या भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"अजून आहे," रफिक म्हणाला. "चाळीस दिवसांनी वारा फिरला तेव्हा हे लोक पक्ष्यांची अंडी गोळा करायला तिथे गेले. तिथे तो होता. शर्ट काढून दगडांच्या फटीत काठीला बांधलेला. फळकुटाची काठी. वरचे दगड त्याने रचले होते, सावलीसाठी, बसून बसून पोचेल तेवढे. यांनी तिथेच दफन केलं. सरकारला सांगितलं नाही, आपल्यावर येईल म्हणून. कबर आहे अजून. बोलतायत, होडी तयार आहे, साहेबांना घेऊन जातो."

एक फळकूट, एक शर्ट, बसून पोचेल तेवढे दगड. मनोरमाला एकाएकी आपलं बोट दिसलं, ते बारा वर्षांचं, वर केलेलं. आणि तिला कळलं की फोनवर बोलताना कोणी बोट वर करत नाही. डाव्या कानाशी रिसीव्हर, खांद्यावर पर्स, आणि उजव्या हाताने तर तिने टेबलावरचं पॅड धरलेलं असायला हवं होतं, कारण ती त्याच्यावरूनच वाचत होती. पॅडवर होतं 'गुरुवार'. वाक्य जर्मन होतं, 'नाही' आधी येऊन गेलं होतं, हवेत कुठेतरी, आणि ती 'गुरुवारच्या आधी' पर्यंत पोचली तेव्हा खाली बसने हॉर्न दिला होता. हॉर्न खरा होता. बोट नंतर आलं होतं. कधी, तेही तिला माहीत नव्हतं. कदाचित तो कागद टाइप करताना. गुरुवारच्या आधी उघडू नका. गुरुवारच्या आधी उघडून घ्या. दोन्ही वाक्यं तिने मनात म्हणून पाहिली. दोन्ही तिच्याच आवाजात आली, सारख्याच घाईत, आणि तिला एकही खोटं ठरवता येईना.

"वास झागट एर?" टेस्मरनी विचारलं. काय म्हणतात ते?

ह्या क्षणी काहीही सांगता आलं असतं. ते म्हणतात, पन्नास वर्षं झाली, आठवत नाही. ते म्हणतात, आम्हाला कळलं नाही हो, माफ करा. रफिकला जर्मन येत नव्हतं, हाजींनाही नव्हतं. त्या अंगणात तिच्यावर नजर ठेवणारं कोणी नव्हतं, आणि म्हाताऱ्याचं विमान परवा होतं. तिने पदर सारखा केला आणि सांगितलं. एकही शब्द न गाळता. रफिकने ज्या क्रमाने सांगितलं त्या क्रमाने, झोप, पाणी, हात करून विचारणं, मान हलवणं, पाठ. शर्ट. दगड. 'निश्ट' हा शब्द आला तिथे तिने तो इतका स्पष्ट उच्चारला की तो तिचा तिलाच किंचाळल्यासारखा वाटला.

टेस्मर म्हणाले, "डॉख."

ह्या शब्दाला मराठीत शब्द नाही. समोरचा 'नाही' म्हणाला की त्याच्या 'नाही'ला 'नाही' म्हणायला तो वापरतात. होतंच. केलंच होतं. वर्गात तो शिकताना त्या सगळ्या मुली हसल्या होत्या. "डॉख," टेस्मर पुन्हा म्हणाले, आणि त्यांनी बोट लांब केलं. बोट घराच्या भिंतीकडे गेलं. "मी दाखवलं होतं. असं. डॉख."

"होडी तयार आहे म्हणतात," मनोरमा म्हणाली. "तिथे त्याची कबर आहे. तुम्हाला नेतात."

"ती कोणा दुसऱ्याची असेल. हाइनर बुडाला." त्यांनी कानातलं यंत्र काढलं, रुमालाने पुसलं आणि खिशात टाकलं. "ह्या माणसाचं वय झालं आहे. त्याला माझे आभार सांगा."

तिने आभार सांगितले. हाजींनी मान डोलावली आणि आपल्या चांगल्या डोळ्याने टेस्मरांकडे असं पाहिलं की जणू एक फार जुनी शंका फिटली होती आणि ती फिटायला नको होती. निघताना ते रफिकला काहीतरी म्हणाले. गाडीत बसताना मनोरमाने विचारलं, तेव्हा रफिक म्हणाला, "बोलले, आम्ही वर्षातून एकदा जाऊन दगड सारखे करतो. करत राहू. त्याला सांग."

परतीच्या रस्त्यावर टेस्मर आनंदी होते. म्हणजे बोलत होते. डोंगरांच्या रंगाबद्दल, हॉटेलच्या नाश्त्याबद्दल, आपल्या भाचीच्या मुलांबद्दल. यंत्र खिशातच होतं, त्यामुळे उत्तराची गरज नव्हती. मनोरमा त्यांच्या शेजारी बसून होती आणि त्यांचा राग यायची वाट बघत होती. तो येईना. त्या माणसाला ती आतून ओळखत होती, त्याच्या बोटाच्या पेरापर्यंत. तो वीस वर्षांचा होता, जिवंत होता, आणि त्याला फक्त झोपायचं होतं. मान हलवली तेव्हा तो खोटं बोलला नसेल. त्याला 'अजून कोणी आहे का' ऐकू येत असेल आणि उत्तर देणं म्हणजे पुन्हा पाण्यात उतरणं, पुन्हा ते ठोकणं ऐकणं, एवढंच कळलं असेल. मग हळूहळू बोट उगवलं असेल. खालून ठोकणाऱ्यांचं काय, ते तर त्याने सांगताना चटकन ओलांडलंच होतं. एक्कावन्न माणसं झाकणाखाली, आणि एक खडकावर, आणि हा शहात्तर वर्षांचा, धुतलेला, इस्त्री केलेला.

त्यांना हॉटेलवर सोडलं तेव्हा चार वाजले होते. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. रफिकने गाडी करामाकडे वळवली. सिग्नलला थांबले असताना मनोरमा म्हणाली, "रफिकभाई, मला एक सांगायचंय." आणि सांगितलं. मागच्या सीटवरून, त्याच्या मानेकडे बघत. जर्मन वाक्य, पॅड, हॉर्न, संडासात सोडलेलं पाणी. सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. मागून हॉर्न वाजले तेव्हा रफिकने गाडी बाजूला घेतली.

"जहूर. म्हसळ्याच्या बाजूचा," तो म्हणाला.

"तुम्ही ओळखत होतात?"

"तो नाही. भाऊ आहे त्याचा, हमीद. सोनापूरला कॅम्पमधे असतो. जुम्म्याला मशिदीत दिसतो." मग म्हणाला, "तुम्ही नक्की काय बोललात, मॅडम?"

"मला आठवत नाही."

"सकाळपर्यंत आठवत होतं?"

"हो."

रफिकने आरशातून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि मायाही नव्हती. "मग आठवत नाही, तेच सांगा त्याला," तो म्हणाला. "या म्हाताऱ्यासारखं पन्नास वर्षं नका थांबू."

घरी तिने काही सांगितलं नाही. शुक्रवारी दुपारी प्रल्हाद झोपला होता, मिहिका फोनवर होती. "कुठे चाललीस?" असं कोणी विचारलं नाही, म्हणून खोटं बोलावं लागलं नाही. ठरल्याप्रमाणे रफिक खाली गाडी घेऊन उभा होता. सोनापूरची, म्हणजे मुहैस्नाहची, कॅम्पची वस्ती तिने अठरा वर्षांत लांबून, बसच्या काचेतून पाहिली होती. सारख्या पिवळट इमारती, कठड्यांवर कामाच्या सारख्या निळ्या डांगऱ्या वाळत घातलेल्या, आणि शुक्रवार म्हणून जिन्यांवर माणसंच माणसं. मनोरमा वर जाताना ती माणसं बाजूला झाली, बोलणं थांबवून. हमीदच्या खोलीत आठ खाटा होत्या, एकावर एक. बाकीच्यांना रफिकने काहीतरी सांगून बाहेर नेलं आणि तो दाराबाहेर उभा राहिला. हमीद चाळिशीला टेकला होता, दाढीत पांढरे केस. त्याने खाटेवरची चादर झटकून तिला बसायला जागा केली. आपण पाहुणचाराला आलो आहोत असं ह्याला वाटतंय, हे तिला दिसलं.

तिने सांगितलं. ह्या वेळी मराठीतून मराठीत, मधे कोणी नव्हतं. तरी तिला एकेक शब्द उचलून ठेवावा लागला. "मी 'उघडू नका' म्हटलं असेन किंवा 'उघडून घ्या'. मला माहीत नाही. कागद होता, तो मी फाडला. तेवढं नक्की माहीत आहे."

हमीद खाली बघत होता. जिन्यावर कोणीतरी मोठ्याने हसलं. तो म्हणाला, "इतकी वर्षं कुठं होता तुम्ही?"

"करामाला."

"करामाला," तो म्हणाला. ते त्याला समजायला वेळ लागला. त्याच्या बसला तिथे पोचायला अर्धा तास लागत असेल. "मी येतो ना करामाला. दर महिन्याला. केस कापायला."

तिने खांद्यावरची पर्स मांडीवर घेतली.

"मी आलो त्याच्या जागी," हमीद म्हणाला. "एकोणनव्वदला. कंपनी दुसरी, पण त्याच्याच जागी म्हणायचं. घरी कोणीतरी पैसे पाठवायला पाहिजे होतं ना. तो गेल्यावर आईला काय सांगितलं माहिताय? तुमच्या कंपनीने पत्र पाठवलं. त्यात लिहिलेलं की चूक त्याचीच. मास्तरांनी वाचून दाखवलं. आई बोलली, माझा पोरगा घाईचा नव्हता. नंतर बोलली, अल्लाची मर्जी. बारा वर्षं तेच बोलते."

पत्र टाइप कोणी केलं होतं, हे सांगायचं राहिलं होतं. मनोरमाने तेही सांगितलं. तो पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघून ऐकत होता.

"मी त्यांना जाऊन भेटेन," ती म्हणाली. "डिसेंबरात सुट्टी आहे. त्यांना सांगेन. चूक त्याची नव्हती, एवढं तरी त्यांना—"

"नाही," हमीद म्हणाला. आवाज चढला नव्हता. "आईला तुम्ही काही सांगायचं नाही. अल्लाची मर्जी होती म्हणून ती नमाज पढते. आता तिला सांगू, की बाय, अल्लाची नव्हती, एका बाईला बस पकडायची होती?"

दाराच्या फटीतून रफिकची पाठ दिसत होती. तो जरासा हलला.

"पत्राचं मी सांगीन," हमीद म्हणाला. "की चूक त्याची नव्हती. ते मी सांगीन तिला. कोणाची होती ते नाही सांगणार." त्याने हाताच्या तळव्याने तोंड पुसलं. "तुम्हाला माझ्याकडून काय पाहिजे ते मला कळतंय. ते माझ्याकडे नाही."

मनोरमा उठली. उठताना तिचं डोकं वरच्या खाटेच्या लोखंडी पट्टीला लागलं, चांगलं जोरात, आणि हमीदचा हात तिला सावरायला पुढे आला आणि मधेच थांबला. त्याच वेळी दार ढकलून बाहेरचा एक माणूस स्टीलच्या पेल्यातून चहा घेऊन आला, पाहुणी आली म्हणून कोणीतरी खालून आणवलेला. तो हमीदकडे, मग तिच्याकडे बघून घुटमळला.

"ठेव," हमीद त्याला म्हणाला. तो गेल्यावर तिला म्हणाला, "पिऊन जा. न पिता गेलात तर सगळे विचारतील, कोण होती, काय झालं. मला सांगत बसावं लागेल."

ती पुन्हा बसली. पेला हातात धरवत नव्हता इतका गरम होता आणि चहा घट्ट, फार गोड. हमीदने खिडकीतली इस्त्री घेतली, समोरच्या खाटेवर घोंगडी पसरली, आणि तिच्याकडे न बघता उद्याचा शर्ट इस्त्री करू लागला, आधी कॉलर, मग बाह्या. ती घोट घोट पीत राहिली. त्याच्या दोन्ही बाह्या झाल्या तरी पेल्यात अर्धा चहा उरला होता.